हातभर अंतरावरचा नवरा

शेवटी भूपाल शेडबाळे स्वतःच्याच घरात, जेवणाच्या टेबलाशी बसलेले असताना, पत्नीच्या डोळ्यांदेखत दिसेनासे झाले.

हे वाक्य आपण वाचलेलंच नाही असं धरून चालू. असं काही घडलेलं नाही. भूपालकाका आहेत. सांगलीत राहतात, अंगाने भरपूर आहेत, हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेत आणि कोणी विचारलेलं नसताना कृष्णेच्या उपनद्या उगमासकट सांगतात. असा माणूस दिसेनासा होत नाही. झालाच, तरी ऐकू येत राहतो.

घडलं ते इतकंच, की त्यांच्या पत्नी रत्नप्रभाकाकू आमच्या क्लिनिकमध्ये लेन्स बसवून घ्यायला आल्या.

"डॉक्टर, मला जवळचं दिसत नाही, लांबचं दिसत नाही आणि चष्मा चालत नाही," खुर्चीत बसण्याआधीच त्या म्हणाल्या. "आता बोला."

मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळ्याचा नंबर काढणं आणि लेन्स नीट बसवणं हे माझं काम. पण तो शब्द माझ्या तोंडातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत पेशंटचा एक डोळा तपासून झालेला असतो, म्हणून मी सांगायचं सोडून दिलंय.

"चष्मा का चालत नाही?"

"अडत्याला चालत नाही."

काकूंची हळदीची अडत पेढी होती, वडिलांकडून आलेली. शेतकऱ्याने आणलेली हळद त्याच्या वतीने व्यापाऱ्याला चढ्या भावात विकायची, हे अडत्याचं काम. आणि हा सौदा अलीकडे पुन्हा रुमालाखाली व्हायला लागला होता. पुन्हा म्हणायचं कारण असं, की मधली काही वर्षं सगळे लिलाव पडद्यावर गेले होते. मग व्यापाऱ्यांच्या कानात हुशार प्रोग्राम आले. ते समोरच्याच्या भुवया, ओठ, मानेवरची नाडी वाचून कानात सांगायचे, ‘हा अजून खाली येईल, थांब.’ अडत्यांनीही तसलेच प्रोग्राम घेतले. दोन्हीकडचे प्रोग्राम एकमेकांना बघून ‘थांब, थांब’ म्हणत बसले आणि ऐन हंगामात सबंध आठवडा बाजारातून एक पोतं हललं नाही. शेवटी कंटाळून कोणीतरी खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला. रुमालाखाली बोटं धरून भाव सांगायचा. अख्खं बोट म्हणजे एवढे, अर्धं दाबलं म्हणजे त्याच्या निम्मे. तोंडाने काही नाही, पडद्यावर काही नाही. यंत्रांना काही दिसेना, आणि बाजार सुरू झाला.

"हळकुंड मोडून आतला रंग बघायला चष्मा खाली सरकवला, की समोरच्याला कळतं मी माल बघतेय. वर केला, की कळतं दुसरं गिऱ्हाईक शोधतेय," काकू म्हणाल्या. "चष्मा म्हणजे चुगलखोर पाहुणा नाकावर बसवून घेतल्यागत आहे."

मी त्यांना ‘सर्वांतर’ लेन्स दाखवली.

आता थोडं शास्त्र, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली. डोळ्यातलं आपलं स्वतःचं भिंग तरुणपणी ताज्या गुळासारखं मऊ असतं. जवळचं बघायचं म्हटलं की फुगतं, लांबचं बघताना चपटं होतं. चाळिशीनंतर त्या गुळाची ढेप होते. मग माणूस वर्तमानपत्र हात लांब करून वाचतो, आणि हात पुरेनासा झाला की आमच्याकडे येतो. यावरची जुनी युक्ती म्हणजे मल्टिफोकल लेन्स. त्या इवल्याशा चकतीत वर्तुळात वर्तुळं असतात; मधलं जवळच्यासाठी, बाहेरचं लांबच्यासाठी. गंमत अशी, की दोन्ही चित्रं एकाच वेळी डोळ्याच्या पडद्यावर पडतात, एकावर एक. दोन माणसं एकदम बोलत असली तरी आपण हव्या त्याचंच ऐकतो, तसं मेंदू हवं ते चित्र उचलतो आणि दुसरं सोडून देतो. सोडलेल्या चित्राचं भूत मात्र कडेला रेंगाळतं. त्यातून लेन्स केसभर सरकली तर भुताला चांगलंच बळ येतं. कारण आपण बाहुलीच्या अगदी मधोमधून बघत नाही, जरा नाकाच्या बाजूने बघतो. आणि लेन्सला नेमकी कानाकडे सरकून बसायची खोड. त्यामुळे लेन्स विकणं सोपं, बसवणं अवघड.

सर्वांतरची वर्तुळं ठरलेली नसतात. त्यांत द्रव स्फटिक भरलेला असतो आणि पापणीच्या उघडझापीतून मिळणाऱ्या चिमूटभर विजेवर प्रत्येक वर्तुळ आपला नंबर बदलतं. जवळ बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, बाहुली बारीक होते. त्यावरून तिला अंतर कळतं. मन रमलं की बाहुली मोठी होते, कंटाळा आला की नजर पळते. त्यावरून तिला आवड कळते. वीज थोडी, म्हणून मालकाला रस नसलेल्या ठिकाणी ती वीज खर्चत नाही. पहिले काही आठवडे शिकते, आणि मग शिकलेलं कायमचं गोठवते, कारण शिकण्यातच सगळ्यात जास्त वीज जाते. याबाबतीत तिचं बऱ्याच माणसांसारखं आहे.

त्या पहिल्या आठवड्यांना कंपनी ‘अनुकूलन कालावधी’ म्हणते. मी मुरवण म्हणतो.

काकूंच्या डोळ्यांवर लेन्स अशी बसली की मी स्वतःवर खूश झालो. मधोमध. पापणी मिटली की हवी तेवढीच हलायची आणि परत जागेवर. यंत्राने दृष्टीचा दर्जा काढला, शंभरापैकी सत्त्याण्णव. मी तो आकडा क्लिनिकमध्ये सगळ्यांना सांगितला. ज्यांना सांगितला नाही त्यांनी विचारला नाही.

काही दिवसांनी काकू परत आल्या. या वेळी भूपालकाका बरोबर होते.

"कशी काय लेन्स?"

"झकास की! हळकुंडाच्या पोटातली रेघ दिसते. पलीकडच्या गाळ्यातला माणूस जांभई देतो तेव्हा दाढ दिसते. एकच आहे."

"काय?"

"हे दिसत नाहीत."

भूपालकाकांनी वळून मागे बघितलं, कोण दिसत नाही ते बघायला.

मी लांबचा तक्ता वाचून घेतला. बिनचूक. जवळचं कार्ड वाचून घेतलं. तळाशी छापलेल्या कंपनीच्या पत्त्यासकट वाचलं. हातभर अंतरावर पडदा ठेवला, त्यावरची अक्षरंही खडाखडा वाचली. मग पडदा काढून त्याच जागी स्टुलावर भूपालकाकांना बसवलं.

"इथं कोण आहे?"

काकूंनी डोळे बारीक केले. "शर्ट ओळखीचा आहे. मीच आणलेला. वर धुकं आहे."

"जरा जवळ या काका."

काका पुस्तकाच्या अंतरावर आले.

"आता नाकावरचं भोक न्‌ भोक दिसतंय. मागं सरका."

काका पार दारापर्यंत मागे गेले.

"अगबाई! दारात छान दिसतात."

"एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा छान म्हणालीस," काका दारातून म्हणाले, "तेही बाहेर काढल्यावर."

मी कंपनीच्या मदतवाहिनीला फोन लावला. तिकडे एक गोड आवाजाचं यंत्र होतं आणि माझ्या नशिबाने फोनचा स्पीकर चालू होता. यंत्राने काकूंच्या लेन्सची सगळी नोंद तपासली आणि म्हणालं, "आपल्या लेन्सने आपल्या आवडीनुसार अंतरांची आणि वस्तूंची निवड केली आहे. आपलं अभिनंदन!"



"आवडीनुसार," काका म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे ते उरलेले तीन मार्क मी."

"अहो, यंत्र आहे ते. त्याचं काय मनावर घेता?"

"यंत्र आहे म्हणूनच. माणूस असतं तर म्हटलं असतं, आगलावं आहे."

त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "काका, येरळा कुठं मिळते हो कृष्णेला?" ते म्हणाले, "मिळत असेल कुठंतरी." तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे माझ्या लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. शेडबाळ्यांकडे सूर्य मावळायच्या आत जेवतात, तो त्यांच्या घरचा जैन नेम. त्यामुळे मला उजेडातच काकूंच्या बाहुल्या तपासता आल्या असत्या. दार उघडून बघतो तर काकू टेबलाशी आणि काका हॉलच्या दुसऱ्या टोकाला, बाल्कनीच्या कठड्याला टेकून बसलेले, मांडीवर ताट.

"आमटी देऊ का ओ?" काकू ओरडल्या.

"नको! पुरे!" काका ओरडले.

"आता बरे दिसतात," काकू मला हळूच म्हणाल्या. "पण बोलायचं म्हटलं की शेजारी उत्तर देतात."

काकांनी त्याआधी बरेच उपाय केले होते, ते काकूंनी सांगितले. लेन्सला आवड कळते म्हटल्यावर त्यांनी आवडण्याचं मनावर घेतलं. एका दिवशी जेवायला फेटा बांधून बसले. एका दिवशी माउथ ऑर्गन घेऊन आले. तो त्यांना वाजवता येत नाही, पण ते गुपित राहिलं नाही. एका दिवशी त्यांनी पूर्ण जेवण कोणत्याही नदीचं नाव न घेता पार पाडलं आणि त्यांना धाप लागली.

"आणि?"

"आणि काय? जितकं करायला लागले तितकं आणखी धुकं. समोर बसून कोणीतरी काहीतरी विकतंय असं वाटायला लागतं बघा. माझी नजर आपोआप सटकते."

मी दोघांनाही खरी परिस्थिती सांगितली. मुरवण संपत आली होती. ती संपली की कुठं स्पष्ट, कुठं धूसर हा लेन्सचा नकाशा गोठणार. आणि तेवढंच असतं तर लेन्स काढून फेकता आली असती, पण मुरतो तो मेंदूही. लेन्स जे धूसर दाखवते ते वगळायची मेंदूला सवय लागते. नंतर साधा चष्मा लावला तरी नजर त्या जागेवरून घसरत राहते. दुसरा मार्ग म्हणजे आत्ताच लेन्स पुसून कोरी करायची. मग पुन्हा पहिल्यापासून शिकणं, आणि तोपर्यंत जवळचं, लांबचं, सगळंच अर्धवट. म्हणजे हा हंगाम गेला.

"शेतकऱ्यांचा माल येऊन पडलाय," काकू म्हणाल्या. "राजापुरी हळदीची थप्पी लागलीय गाळ्यात. मी आंधळ्यासारखी हळकुंडं चाचपत बसू?"

"पुसू नका," बाल्कनीतून आवाज आला. "मी लांबून बरा आहे."

काकूंनी हातातला घास खाली ठेवला. नंतर तो उचललाच नाही.

लेन्स प्रत्यक्ष कामात कशी वागते ते बघावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. सौद्याच्या ओट्यावर जोड्याजोड्यांनी माणसं उभी होती. प्रत्येक जोडीच्या हातांवर रुमाल. रुमालाखाली एकमेकांची बोटं घट्ट धरलेली आणि माना मात्र विरुद्ध दिशांना. कोणी छताकडे बघतंय, कोणी कबुतरांकडे. रुसलेल्या जोडप्यांचा सामुदायिक विवाह लागावा तसं ते दृश्य होतं.

काकूंचा हात दीपचंदशेठ नावाच्या व्यापाऱ्याच्या हातात होता आणि नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, पोत्यांवर. शेठजी छपराच्या पत्र्याचे खिळे मोजत असावेत. दोघांच्या तोंडांवर काडीचाही भाव नाही. रुमाल मात्र आत मांजर असल्यासारखा हलत होता.

"काकू," मी विचारलं, "तुम्ही शेठजींकडे बघत का नाही?"

"बघायचं नसतं," काकू पोत्यांना उद्देशून म्हणाल्या. "सौद्यात समोरच्याच्या तोंडाकडे बघितलं की आपलं तोंड त्याला दिसतं. वडिलांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. नजर गेलीच तर लगेच काढून घ्यायची."

"कधीपासून बघितलं नाही?"

"पेढीवर आले तेव्हापासून."

"मग शेठजींचं नाक कसं आहे सांगा."

"नाक?" काकू विचारात पडल्या. "असेलच की नाक. एवढा मोठा माणूस आहे."

"आता बघा बरं."

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा, बोटं न सोडता, दीपचंदशेठकडे बघितलं. शेठजी इतके घाबरले की त्यांनी डोळे मिटून घेतले.

"धुकं," काकू म्हणाल्या.

"आणि मी?"

त्या वळल्या. मी हातभर अंतरावरच होतो. "तुम्ही पण नाहीच की ओ!"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लेन्सला कॅमेरा नसतो. चेहरा म्हणजे काय, नवरा म्हणजे काय, तिला ठाऊक नाही. तिला ठाऊक असतात फक्त डोळ्याच्या हालचाली. आणि माणूस चेहऱ्याकडे बघतो तेव्हा नजर एका ठरावीक वाटेने फिरते. एक डोळा, दुसरा डोळा, तोंड, पुन्हा पहिला डोळा. त्रिकोण. वस्तूकडे बघताना असा त्रिकोण होत नाही. मुरवणीच्या काळात काकू दिवसभर बाजारात. हातभर अंतरावर त्रिकोण सुरू व्हायला लागला की लगेच नजर दुसरीकडे, दिवसातून शेकडो वेळा. लेन्स हुशार. तिने धडा घेतला, की या अंतरावर त्रिकोण सुरू झाला म्हणजे बाईंना हे बघायचं नाहीये; वीज वाचवा, वर्तुळ सैल सोडा.

मी हे सगळं ओट्यावर उभ्या उभ्या सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे मला कुणाचंच तोंड दिसत नव्हतं?"

"हातभर अंतरावर, कुणाचंच नाही."

"मग मला ह्यांचंच दिसत नाही असं का वाटलं?"

"कारण तुम्ही फक्त त्यांच्याचकडे बघायला गेलात."

काकूंनी मान वळवली. पोत्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

"बेन," दीपचंदशेठ डोळे मिटूनच म्हणाले, "भावाचं सवडीने सांगा. पण माझी अडीच बोटं तुमच्याकडे राहिलीत."

काकूंनी बोटं सोडली, खांद्यावरचा रुमाल सारखा केला आणि सौदा अर्धा टाकून चालू पडल्या. आजूबाजूच्या अडत्यांनी छताकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघितलं. काकूंच्या पेढीचा सौदा अर्धा सुटलेला त्या ओट्याने कधी बघितला नव्हता.

घरी पोचल्यावर त्यांनी काकांना बाल्कनीतून आत बोलावलं.

"इथं बसा. समोर."

"दिसणार नाही मी तुला तिथं."

"बसा म्हणते ना. हात द्या."

त्यांनी काकांचा हात टेबलावर ओढून घेतला आणि वर रुमाल टाकला. वाटेत मी काकूंना सांगितलेलं काम तसं सोपं होतं. ज्या चुकीतून लेन्स शिकली ती चूक उलटी गिरवायची. तोच रुमाल, तेच अंतर, पण नजर काढून न घेता त्रिकोण पुरा करायचा. फक्त बघायचं म्हणून बघितलं तर उपयोग नाही, बाहुली फसत नाही. समोरच्या तोंडावर काय उमटतंय याची खरोखर उत्सुकता हवी.

"हे काय आहे?" काकूंनी रुमालाखाली बोट दाबलं.

"बोट."

"ते कळलं. भाव किती?"

"मला काय माहीत? मी भूगोलाचा माणूस."

"अहो, अख्खं बोट म्हणजे पूर्ण. हे अर्धं. हे बघा... बघू नका, समजून घ्या. आता तुम्ही सांगा."

काका चाचपडत काहीतरी दाबत राहिले. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याच्या तोंडाकडे बघावंच लागतं. समजलं की नुसतीच मान हलवतोय, ते तिथंच कळतं. काकूंची नजर जायची, सवयीने सटकायची, परत यायची. मी बाजूला बसून माझ्या यंत्रावर बाहुल्या बघत होतो.

"हे काय दाबलंत? एवढ्या भावात हळद? केशर नाही ते!"

"मला वाटलं जास्त दिलं की खूश होशील."

काकू हसल्या. यंत्रावर दोन्ही बाहुल्या टपोऱ्या झाल्या आणि वर्तुळाने पहिल्यांदा थोडा नंबर घेतला.

"भुवया आल्या," काकू म्हणाल्या.

"कुठं?"

"तुमच्या. दिसतायत. पांढऱ्या झाल्यात की!"

त्यानंतर रोज सूर्य मावळायच्या आत त्यांच्या टेबलावर सौदा व्हायला लागला. शेवटच्या भाकरीचा, टीव्हीच्या रिमोटचा, मुलीला फोन कोणी करायचा याचा. काका कायम महाग खरेदी करायचे. कधी मिश्या यायच्या, कधी एकच गाल. एकदा हनुवटीपाशी काकू थबकल्या.

"हा व्रण कधीचा?"

"तीन वर्षं झाली. स्कूटरवरून पडलो तेव्हाचा. तूच तर हळद लावलीस."

"लावली," काकू म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "हळद बघितली होती."

मी त्या वेळी यंत्राची वायर तपासत होतो. तिला काही झालेलं नव्हतं.

मुरवण संपायच्या आदल्या दिवशी काकू एकट्याच क्लिनिकमध्ये आल्या. खुर्चीत न बसता उभ्याच राहिल्या.

"आता पूर्ण दिसतात," त्या म्हणाल्या. "पण एक घोटाळा झालाय. दीपचंदशेठ पण दिसायला लागलेत."

"बरं मग?"

"बरं काय? काल रुमालाखाली हात, आणि माझी नजर गेली ती गेलीच. माणूस किती उतरलाय. डोळ्यांखाली काळं. मिशीला कलप लावलाय, एका बाजूला जास्त. मी अर्धं बोट सोडून दिलं. न मागता! ज्याची हळद होती तो शेतकरी बाजूलाच. म्हणाला, काकू, अलीकडं लवकर पाघळायला लागलाय. खरं आहे त्याचं. माझ्या भरवशावर माल टाकतात ते." त्या आता खुर्चीत बसल्या. "घरी एक आणि बाजारात एक, असं नाही करता येणार?"

"लेन्सला घर आणि बाजार कळत नाही, काकू. तिला अंतर कळतं आणि त्रिकोण. एक तर चेहरे आहेत, नाही तर नाहीत. उद्या ते गोठेल."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मला अजून चाळिशी लागली नाही."

"लागेल," काकू म्हणाल्या. आशीर्वाद द्यावा तसं म्हणाल्या.

त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. सगळ्यात खालची ओळ मनातल्या मनात वाचली असावी, ओठ हलले.

"गोठू दे," त्या म्हणाल्या. "भाव वाढवून घ्यायचं दुसरं काहीतरी काढते मी. पेढी चालवायला अक्कल लागते, ती काय लेन्समध्ये नाही. पण संध्याकाळी त्या टेबलाशी मी पुन्हा धुक्याशी जेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी नकाशा गोठला. यंत्राने दर्जा काढला तो शहाण्णव आला. एक मार्क कमी कसा, ते कंपनीला विचारलं. कंपनीने अभिनंदन केलं.

दुसरं काहीतरी काढते म्हणाल्या होत्या, ते त्यांनी लवकरच काढलं. बाजार समितीच्या फलकावर परवा एक अर्ज लागला. अक्षर भूपालकाकांचं, फळ्यावरच्यासारखं गोल. सभापतींनी तो दोनदा वाचला म्हणतात, आणि दुसऱ्यांदा छताकडे बघत. मजकूर असा:

मा. सभापती, बाजार समिती यांचे सेवेशी. विषय: सौद्याच्या वेळी चेहरे सोबत न आणण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, मी आपल्या बाजारात वडिलांच्या पश्चात अडत व्यवसाय करीत असून, अलीकडे मला हातभर अंतरावरील सर्व व्यापाऱ्यांचे चेहरे स्पष्ट दिसू लागले आहेत. सदर चेहऱ्यांवर काळजी, अपुरी झोप, मुलांच्या परीक्षा, दातदुखी इत्यादी बाबी आढळून येत असल्याने मला त्यांची दया येते व शेतकऱ्यांच्या मालास योग्य भाव मिळण्यात अडथळा निर्माण होतो. सबब, सर्व खरेदीदारांनी सौद्यास येताना आपापले चेहरे घरी ठेवून यावेत, अथवा ते शक्य नसल्यास समितीच्या कार्यालयात जमा करून सायंकाळी परत न्यावेत, असे आदेश पारित व्हावेत. तसेच, अर्जदाराचे पती श्री. भूपाल शेडबाळे हे अधूनमधून डबा घेऊन ओट्यावर येत असतात. त्यांचा चेहरा सदर आदेशातून कायमस्वरूपी वगळण्यात यावा, ही नम्र विनंती.